गोव्यात कोंबडीची पिल्लं वाढवताना: पेटी उघडल्यापासून अंगणात सोडेपर्यंत

तुळशीचं लग्न आटोपलं की ओळखीपाळखीची माणसं विचारायला लागतात, "पन्नास पिल्लं आणायचं मनात आहे, काय काय लागेल?" बहुतेक जण नवखे असतात. कुणी पणजीतली नोकरी आवरून गावच्या घरी परतलेला असतो, कुणाच्या कुळागरात (माड-पोफळींच्या बागेत) जागा मोकळी असते, कुणाला घरच्यापुरती अंडी हवी असतात. त्यांना मी जे तोंडी सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे. मी सत्तरी तालुक्यात राहते आणि नऊ वर्षं गावठी आणि सुधारित अशी दोन्ही पिल्लं वाढवते आहे. इथे पन्नास पिल्लांचा हिशेब धरला आहे. सुरुवातीला याहून जास्त आणू नका.

आधी मुद्द्याची गोष्ट. माहितीपत्रकं वाचली की वाटतं, पिल्लांचा वैरी म्हणजे थंडी. घाटावर ते खरंही आहे. आपल्याकडे पिल्लं मरतात ती जास्त करून ओलीने. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात भिंत ओली, जमीन ओली, तूस ओलं, खाद्याचं पोतंही हाताला दमट लागतं. खाली जे सांगते आहे त्यातलं निम्मं तरी कोरडेपणाबद्दलच आहे.

हे मला कसं कळलं ते सांगते. पहिली पिल्लं मी जुलैत आणली. सगळी तयारी केली होती, फक्त भाताच्या तुसाचं पोतं पडवीत आठ दिवस भिंतीला टेकून होतं. वरून तूस सोनेरी आणि चांगलं दिसत होतं. तेच पसरलं. चौथ्या दिवशी काही पिल्लं मान उंच करून, चोच उघडून श्वास घ्यायला लागली. मला वाटलं गरम होतंय, म्हणून बल्ब वर केला. सहाव्या दिवसापर्यंत अकरा गेली. मेलेलं एक पिल्लू घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते माझ्यासमोर फाडून दाखवलं. गुलाबी फुप्फुसावर रव्याच्या दाण्याएवढे पिवळट पांढरे ठिपके होते. "ही बुरशी आहे, तुसातली," ते म्हणाले. घरी येऊन पोत्याच्या तळाशी हात घातला तर तूस गोळ्यागोळ्याने निघालं आणि त्याला वास येत होता. एकदा फुप्फुसात बुरशी रुजली की पिल्लाला देण्यासारखं औषध हाताशी नसतं. त्या दिवसापासून तूस मी हुंगल्याशिवाय आणि तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय वापरत नाही.

महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऊन मिळतं, हवा कोरडी असते, वीज फारशी जात नाही. या काळात आणलेली पिल्लं पावसाच्या आधी अंगाने भरलेली असतात आणि पहिला पाऊस सोसू शकतात. मार्च-एप्रिलही चालतो, दिवसा बल्बची गरज कमी पडते. जून-जुलै नवख्याने टाळावा. सप्टेंबरात आणली तर नर नाताळाच्या सुमारास विकण्याजोगे होऊ लागतात, त्यामुळे तो मोह होतो. पण चवथीच्या दिवसांत घरात माणसांची वर्दळ असते आणि पिल्लांकडे कुणाचं लक्ष नसतं. ज्या महिन्यात घरात एक माणूस दिवसरात्र फिरकू शकेल, तोच महिना निवडा.

कोणती पिल्लं, कुठून

गावठी पिल्लं सावकाश वाढतात, पण चपळ असतात. घार दिसली की लपायला त्यांना शिकवावं लागत नाही. सुधारित जातींत हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज आणि ग्रामप्रिया आणि बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज या परसातल्या पालनासाठीच तयार केलेल्या आहेत. मांस आणि अंडी दोन्हींसाठी वनराज, अंड्यांवर भर असेल तर ग्रामप्रिया. एक ध्यानात ठेवा, या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. पुढची पिल्लं घरीच काढायची असतील तर दोन-तीन गावठी कोंबड्या सोबत हव्यातच.

चौकशीची सुरुवात जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत आणि आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करा. कधी कोणती पिल्लं मिळतील आणि कोणत्या सरकारी योजना चालू आहेत ते तिथेच नेमकं समजतं. खाजगी हॅचरीची पिल्लं बहुतेक घाट उतरून येतात. पुठ्ठ्याच्या पेटीत शंभर पिल्लं असतात, पंचवीस-पंचवीसच्या चार खणांत. बाहेर पडण्याआधी पिल्लू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर ते दोनेक दिवस तग धरतं, म्हणून हा प्रवास जमतो. तरी पेटी जितकी लवकर हाती येईल तितकं बरं. पिल्लं कधी उबली, कधी निघाली आणि हॅचरीत मरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणाऱ्या रोगाची) लस टोचली का, हे तीन प्रश्न विचाराच. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी टोचायची असते, नंतर तिचा उपयोग होत नाही.

नर-मादी निवडून दिलेली नसतील तर निम्मे नर धरून चाला.

जागा आणि गादी

पडवीचा कोपरा, रिकामा गोठा, न्हाणीघराशेजारची खोली, काहीही चालेल. जमीन मात्र कोरडी हवी. चिऱ्याच्या भिंती पावसात पाणी शोषतात आणि आतल्या बाजूने घाम फुटल्यासारख्या ओलावतात. म्हणून पिल्लांचं रिंगण भिंतीपासून हातभर आत घ्या. वर छपराला नळे (कौलं) असतील तर एकदा भरपावसात आत उभं राहून कुठे ठिबकतं ते बघा. पाऊस नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

नैर्ऋत्येच्या बाजूला झड येते, तिथे माडाच्या चुडतांची झडप किंवा ताडपत्री हवी. पण खोली चारी बाजूंनी गच्च बंद करायची नाही. खालून वारा अडवा आणि वरून मोकळा ठेवा. बंद खोलीत पिल्लांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ कोंडते आणि गादी आतूनच भिजते.

रिंगण गोल करा. पुठ्ठा, पत्रा, जुनी चटई, दीड फूट उंचीचं काहीही चालेल. कोपरे नकोत, कारण घाबरली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पन्नास पिल्लांना पहिल्या तीन-चार दिवसांत चार फूट व्यासाचं रिंगण पुरतं. मग ते वाढवत न्या. महिन्याअखेर दर पिलाला अर्धा चौरस फूट तरी जागा मिळाली पाहिजे आणि पुढे एक चौरस फूट.

जमीन आधी धुऊन, वाळवून चुना मारा. त्यावर कोरड्या तुसाची दोन-तीन इंचांची गादी घाला. तुसावर पहिले दोन-तीन दिवस गोणपाट अंथरा, नाहीतर पिल्लं तूसच खातात. बरेच जण वर्तमानपत्र घालतात. गुळगुळीत कागदावर पिलांचे पाय घसरून दोन बाजूंना फाकतात आणि एकदा फाकलेले पाय सुधारणं कठीण जातं. गोणपाटावर नखं रुततात.

रोज सकाळी दाताळ्याने गादी हलवायची. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस उचलून बाहेर टाकायचं आणि नवं घालायचं. मग गुडघ्यांवर बसून तोंड पिल्लांच्या उंचीवर न्यायचं आणि श्वास घ्यायचा. डोळे चुरचुरले, नाकाला तिखट वास लागला तर गादी खराब झाली आहे, पिल्लं तोच वास दिवसभर घेताहेत. उभ्या माणसाच्या नाकाला हे कळत नाही. हा एवढा एक नेम पाळला तरी तुमची निम्मी पिल्लं वाचतील.

ऊब

पिल्लांना स्वतःचं अंग तापवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस लागतात. पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी उतरवत जायचं. पाचव्या आठवड्यात अंगावर पिसं आली की आपल्याकडची हवाच पुरते. डिसेंबर-जानेवारीत मात्र सत्तरी-सांग्याच्या डोंगरांच्या कडेला रात्री पारा वीसच्या खाली येतो, तेव्हा आठवडाभर जास्त रात्रीचा बल्ब ठेवा.

बल्ब तापणारा हवा. जुन्या धाटणीचा, तारेचा. एलईडी बल्ब उजेड देतो, पण ऊब देत नाही. नवख्यांकडे पाहिलेली ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. खोली लखलखीत असते आणि पिल्लं गारठून गोळा झालेली असतात. दर पिलाला दोन वॅट असा हिशेब धरा. म्हणजे पन्नासांना १०० वॅट. पण एकच १०० चा लावण्यापेक्षा ६० चे दोन लावा, एक उडाला तर दुसरा असतो. बल्ब जमिनीपासून फूट-सव्वाफुटावर साखळीने टांगा. नुसत्या वायरवर लोंबकळता ठेवू नका. वायर सुटली, बल्ब तुसावर पडला की आग लागते.

थर्मामीटर असावा, पण पिल्लं स्वतःच सगळं सांगतात. बल्बखाली एकावर एक गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला जाऊन पंख पसरून चोच उघडून धापा टाकत असतील तर गरम होतंय, बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर समोरच्या फटीतून वारा येतोय, ती फट शोधा. आणि भरल्या ताटात शिंपडल्यासारखी सगळीकडे पांगून काही खाताहेत, काही लवंडली आहेत, बारीक किलबिल चालली आहे, असं असलं की तुम्ही बिनघोर जेवायला बसा. रात्री अकराला आणि पहाटे चारला एकेक फेरी मारायचीच. दाराबाहेर उभं राहून आवाज ऐकलात तरी आठ दिवसांत कान तयार होतो.

वीज जाणार हे धरूनच चाला. पहिले दोन-तीन दिवस रात्रभर उजेड ठेवा. मग रोज रात्री तासभर पूर्ण काळोख करायची सवय लावा, नाहीतर एखाद्या रात्री अचानक अंधार झाला की भेदरून पिल्लं एकमेकांना चिरडतात. पहिल्या आठवड्यात वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या टॉवेलात गुंडाळून रिंगणात ठेवा, पिल्लं त्यांना येऊन बिलगतात. आमच्याकडे सासूबाई मडक्यात करवंट्यांचे निखारे ठेवत, ती रीतही चांगली आहे. पण करवंट्या बाहेर अंगणात जळून ज्वाळा आणि धूर पूर्ण शमल्यावरच मडकं आत आणायचं, त्याभोवती जाळी ठेवायची आणि खोलीची वरची हवा मोकळी राखायची. बंद खोलीत निखाऱ्यांचा वायू साठून पिल्लं आणि माणसं दोन्ही दगावू शकतात.

पेटी येते तो दिवस

बल्ब आदल्या दिवशीच लावून ठेवा. पिल्लं येतील तेव्हा नुसती हवा तापलेली असून चालत नाही, खालचं तूसही हाताला कोमट लागलं पाहिजे. पाण्याची भांडी चार-पाच तास आधी खोलीत ठेवली की पाणी थंडगार राहत नाही.

पहिल्या पाण्यात लिटरला ५० ग्रॅम गूळ विरघळवा. पाणी उकळून निववलेलं असावं. गुळाचं पाणी फक्त पहिले तीन-चार तास ठेवायचं. मग भांडी घासून साधं पाणी द्यायचं, नाहीतर ते आंबतं आणि मुंग्यांची रांग लागते. मुंग्या ही गोष्ट हलक्यावर घेऊ नका. रात्रीत लाल मुंग्या एका दिवसाच्या पिलाला ठार करू शकतात. रिंगणाभोवती बाहेरून राखेची किंवा चुन्याची रेघ ओढा.

आता पेटी उघडा आणि घाई करू नका. एकेक पिल्लू हातात घ्या. डोळे उघडे आणि चमकदार आहेत का, बेंबी सुकून मिटलेली आहे का, पाय सरळ आहेत का बघा. पाय गालाला लावून पाहा. गार लागले तर पिल्लू प्रवासात गारठलं आहे, त्याला सरळ बल्बखाली ठेवा. मग त्याची चोच पाण्यात बुडवा, नाकपुड्या बुडणार नाहीत इतकीच. पिल्लू दचकतं, चोच मिटतं, मान वर करतं आणि गळ्याशी बारीक हालचाल होते. पाणी उतरलं. आता ते स्वतः वाकेल. पन्नास पिल्लांना असं पाणी पाजायला अर्धा-पाऊण तास लागतो. तो पुरता द्या. पाणी न सापडलेलं पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कारण न कळता मेलेलं सापडतं.

पाणी पिऊन दोनेक तास झाले की गोणपाटावरच मक्याचा बारीक भरडा शिंपडा. बोटाने टकटक केलं की ती आईने चोच मारल्यासारखं समजून धावत येतात. संध्याकाळी दहा-बारा पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपून पाहा. मऊ, भरलेली लागली पाहिजे. रिकामी असेल तर त्याला खाणं सापडलेलं नाही. कडक लागली तर पाणी कमी पडतंय.

पहिल्या तीन-चार दिवसांत काहींच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद होते. कोमट पाण्यात कापूस भिजवून ती मऊ करून काढा, ओढू नका. खाली खोबरेल तेलाचं बोट लावा आणि कोरडं करूनच परत सोडा.

खाद्य आणि पाणी

दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, ज्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. पहिल्या आठवड्यात दर पिलाला दिवसाला सुमारे १० ग्रॅम, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०. पन्नासांना चार आठवड्यांत साधारण ३५ किलो लागतं. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा करू नका. पोतं फळीवर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून सुटं ठेवा. खाद्याची ढेप झाली, कुबट वास आला तर टाकून द्या. उन्हात घालून पुन्हा वापरलं तर बुरशी वाळते, पण तिने सोडलेलं विष तसंच राहतं आणि ते पिलांच्या यकृतात जातं.

आपल्याकडे उरलेला भात, पेज, माशाची डोकी कोंबड्यांना घालायची पद्धत आहे. मोठ्या कोंबड्यांना चालतं. पिलांना पहिला महिना भातावर ठेवलं तर पोट भरतं आणि वाढ खुंटते. आणि खारवलेली सुकी मासळी कधीच घालू नका. मिठाने पिल्लं मरतात, प्यायला पाणी कमी पडलं तर आणखी भराभर. मासळी घालायचीच तर बिनमिठाची, शिजवलेली आणि तीही महिन्यानंतर. शेवग्याचा पाला बारीक चिरून तिसऱ्या आठवड्यापासून चिमूट-चिमूट देता येतो. नुसतं स्टार्टर खाणाऱ्या पिलांना वाळू लागत नाही, पण पाला, दाणे सुरू केले की बारीक खड्याची वाळू एका ताटलीत ठेवा.

पाण्याच्या उथळ भांड्यात पहिले दिवस गोटे टाका म्हणजे पिल्लू बुडत नाही. भांड्याखाली वीट ठेवून कड पिलांच्या पाठीच्या उंचीवर आणा आणि पिल्लं वाढतील तशी वीट वाढवा. यामुळे तूस पाण्यात जात नाही आणि पाणी तुसावर सांडत नाही. पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी गढूळ होतं, ते उकळूनच द्या.

लसी

मानमोडी म्हणजे रानीखेत. हा रोग घरात शिरला तर आठ दिवसांत अंगण ओकं होतं. यावर उपचार नाही, लस आहे.

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही रानीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरोची (पिल्लांची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या रोगाची) लस, तीही थेंबाने. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत. आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन, तेही रानीखेतचंच. तुमच्या भागात काय फिरतंय त्यावरून डॉक्टर यात फेरफार सांगतील, त्यांचं ऐका.

नवख्यांची अडचण लशीच्या बाटलीशी येते. ती शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि एकदा कालवली की दीड-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाड्यावरच्या दोन-चार घरांनी एकाच दिवशी लस द्यायची असं ठरवून टाका. खर्च वाटला जातो आणि शेजाऱ्याच्या कोंबड्या सुरक्षित असतील तर तुमच्याही राहतात. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. दवाखान्यातून आणताना बर्फ घातलेला स्टीलचा डबा न्या. स्कूटरच्या डिकीत उन्हात तापलेली लस म्हणजे नुसतं पाणी. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्या. थेंब डोळ्यात पडल्यावर पिल्लाने पापणी मिटून उघडेपर्यंत त्याला हातातच धरा. आजारी, मलूल पिल्लांना त्या दिवशी लस नको.

रक्ती हगवण

तिसऱ्या आठवड्यानंतरचा हा रोग गोव्याच्या हवेत सर्वांत जास्त सतावतो. कारण सूक्ष्म परजीवी. ते विष्ठेतून बाहेर पडतात आणि उबदार, ओल्या गादीत एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. पिल्लं पंख सोडून, पिसं फुगवून, डोळे मिटून उभी राहतात. विष्ठा चॉकलेटी किंवा सरळ रक्ताळलेली दिसते. दिसल्या दिवशीच डॉक्टरांकडे जा. पाण्यातून द्यायचं अ‍ॅम्प्रोलियमसारखं औषध वेळेवर मिळालं तर बरीचशी पिल्लं वाचतात. औषध चालू असताना गादीचं ओलं तूस काढून नवं घातलं नाहीत, तर आठ दिवसांत तेच पुन्हा. खाद्य घेतानाच त्यात या रोगाविरुद्धचं औषध मिसळलेलं आहे का ते दुकानदाराला विचारून ठेवा, म्हणजे डॉक्टरांना सांगता येतं.

चोची मारून एकमेकांना रक्तबंबाळ करणं हा रोग नव्हे. दाटी, प्रखर उजेड नाहीतर प्रथिनांची कमतरता, यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं. जखमी पिल्लू लगेच वेगळं करा, रक्त दिसलं की बाकीची त्यालाच धरतात.

आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आवडला म्हणून आणलेला कोंबडा त्याच संध्याकाळी पिलांत सोडू नका. कुठूनही आणलेला पक्षी निदान चौदा दिवस घराच्या दुसऱ्या टोकाला डालून ठेवा आणि त्याला हात लावल्यावर हात धुऊनच पिलांकडे या.

जाळी

घार आणि कावळा दिवसा येतात, मुंगूस तिन्हीसांजेला, घूस आणि साप रात्री. बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण घुशीला आणि सापाला बाहेर ठेवत नाही. खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची मजबूत जाळी मारा आणि ती वीतभर जमिनीत पुरा. घूस भिंतीकडून पोखरत येते, त्यामुळे पायथ्याला चिरे लावा. मुंगूस, घोरपड, धामण यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना मारायचं नाही. साप आत दिसला तर वनखात्याला किंवा गावातल्या सर्पमित्राला बोलवा. खाद्य सांडलेलं राहिलं की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. रात्री खाली सांडलेलं झाडून घेणं हाच त्यावरचा पहिला उपाय.

घरात खुडूक कोंबडी असेल तर

मग वर लिहिलेल्यातलं अर्धं काम ती करते. दहा-बारा अंड्यांवर बसवलेली गावठी कोंबडी २१ दिवसांत पिल्लं काढते आणि ऊब, खाणं शिकवणं, घारीपासून लपवणं सगळं तिचं तीच बघते. विकत आणलेली एका-दोन दिवसांची पिल्लंही तिच्याखाली सरकवता येतात. रात्री, काळोखात, एकेक करून, तिचं एखादं अंडं काढून त्या जागी. सकाळी ती त्यांना आपलीच समजते. सगळ्याच कोंबड्या समजतात असं नाही, म्हणून पहाटे जवळ बसून बघा. टोचायला लागली तर पिल्लं काढून घ्या. पहिले दहा दिवस तिला पिलांसकट मोठ्या डालाखाली ठेवा. तिला सोडली तर ती पिलांना दवातून, ओल्या गवतातून फिरवते आणि पोटाकडून भिजलेलं पिल्लू संध्याकाळपर्यंत गारठतं.

लस मात्र याही पिलांना द्यायचीच. आईजवळ वाढली म्हणून मानमोडी त्यांना सोडत नाही.

अंगणात

पाचव्या आठवड्यात पिसं भरली की दुपारच्या उन्हात तासभर कुंपणाच्या आत सोडा. पहिले काही दिवस ऊन असेल तेव्हाच. सहाव्या आठवड्यापासून पोरसात (परसात) मोकळी फिरू द्या, पण सकाळी दव सुकल्यावर. सोडण्याआधीच्या आठवड्यात रोज खाद्य घालताना पत्र्याचा डबा वाजवत जा. त्या आवाजावर संध्याकाळी ती परत येतात. दिवसाचं मुख्य खाद्यही संध्याकाळीच घाला, भूक त्यांना घरी आणते.

पहिल्या संध्याकाळी काही जणी खुराड्याच्या दारापर्यंत येतील आणि आत शिरणार नाहीत. त्यांना हाकलू नका. आत छोटा दिवा लावून ठेवा, उजेडाकडे ती आपणहून जातात. मग मोजा. एखादं कमी भरलं तर टॉर्च घेऊन आधी जवळच्या झाडांच्या खालच्या फांद्या बघा. सहा आठवड्यांचं गावठी पिल्लू आंब्याच्या नाहीतर पेरूच्या झाडावर सहज चढून बसतं आणि काळोख पडला की हलत नाही. त्याला अलगद उचलून आत ठेवा. तीन-चार रात्री असंच करावं लागतं.